शाळेच्या दारापाशीं पडणारा पडदा

कोणत्याहि समाजाचें वाङ्मय वाचतांना त्यांत काय लिहिलें गेलें आहे हें जसें पाहावें लागतें, तसेंच काय लिहावयाचें राहून गेलें आहे हेंहि पाहावें लागतें. लिहिलेल्या पानांवरून लेखकांची शक्ति कळते. कोऱ्या राहिलेल्या पानांवरून समाजाचें मन कळतें. अपंग व्यक्तींचें जें चित्रण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आमच्या नाटकांत, चित्रपटांत व आत्मचरित्रांत झालें, तें एकदां क्रमानें पाहण्याचा योग आम्हांस अलीकडे आला. त्या सर्वांत एक पान जवळजवळ कोरें आहे असें आमच्या ध्यानांत आलें. तें पान सोळा ते पंचवीस ह्या वयाचें. अपंग मूल आमच्या लेखकांना चांगलें ठाऊक आहे. कर्तबगार अपंग प्रौढहि त्यांस अधूनमधून भेटतो. परंतु त्या मुलाचा हा प्रौढ कसा झाला, शाळेचें दार मागें लागल्यावर तो कोणत्या रस्त्यानें, कोणाच्या सोबतीनें, काय काय चुकत चालला, हें सांगण्याची वेळ आली कीं आमचें वाङ्मय बहुधा पडदा पाडून मोकळें होतें. त्या पडद्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ह्या विचारास निमित्त झालें तें एका स्नेहसंमेलनाचें. आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा विशेष मुलांच्या शाळेंत शिकत होता. त्याची समज सावकाश चालते. बोलणें स्पष्ट आहे, पण उत्तर देण्यापूर्वीं त्याला वेळ लागतो. अठरा वर्षें पुरीं झाल्यामुळें तें संमेलन त्याचें शेवटचें. मुलांनीं नाच केला, एक छोटें नाटुकलें केलें, आणि आमच्या ह्या मित्रपुत्राला शाल व श्रीफळ देऊन निरोप देण्यांत आला. टाळ्या थांबेनात. पुष्कळांच्या डोळ्यांना पाणी आलें, आमच्याहि आलें. बाहेर पडतांना आम्हीं त्याच्या आईचें अभिनंदन केलें. तेव्हां त्या म्हणाल्या, “भावजी, कार्यक्रम छान झाला. पण सोमवारी सकाळी ह्याच्या डब्यात पोळी-भाजी भरली, तर तो डबा घेऊन हा जाईल कुठं?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. घरीं आल्यावर आम्ही आठवूं लागलों: ह्या प्रश्नाचें उत्तर राहो, पण हा प्रश्न तरी आमच्या कोणत्या नाटकानें, कोणत्या चित्रपटानें विचारला आहे?

सर्वांत प्रथम आठवला तो अर्थातच ‘तारे ज़मीन पर’. २००७ सालीं आलेल्या ह्या चित्रपटाचे उपकार कोणीहि विसरूं नयेत. अक्षरें ज्याच्या डोळ्यांपुढें नाचूं लागतात अशा ईशान अवस्थी ह्या लहान मुलाची ती कथा. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द ह्या चित्रपटानें मध्यमवर्गीय घरांत पोंचविला. आळशी आणि मठ्ठ म्हणून बोलणीं खाणाऱ्या अनेक मुलांकडे आईबाप त्यामुळें निराळ्या दृष्टीनें पाहूं लागले असतील. शाळा चुकवून एकटाच शहरभर हिंडणारा ईशान ज्यांनीं पाहिला त्यांस त्याच्या मनाची मोकळी धांव विसरतां येणार नाहीं. शेवटीं चित्रकलेच्या स्पर्धेंत तो पहिला येतो, सुट्टी लागते, आणि घरीं निघालेला मुलगा धांवत परत येऊन निकुंभ सरांना बिलगतो. एवढ्या लहान मुलाची कथा येथें संपावी ह्यांत गैर कांहीं नाहीं. गैर हें कीं, प्रश्नहि येथेंच संपला असें समजून प्रेक्षक घरीं जातो. ईशानच्या हातांत कला होती. ज्या मुलाच्या हातांत अशी कोणतीहि देणगी नाहीं, ज्याला बक्षीस मिळावें असें कांहींच करतां येत नाहीं, त्यानें शाळा संपल्यावर काय करावें? आमच्या कथांना गुणी अपंग आवडतो. साधा अपंग, म्हणजे आपण सारे जसे साधे आहोंत तसा, त्यांना आवडत नाहीं.

‘श्वास’ (२००४) हा मराठी चित्रपट ह्याहून संयमी आहे. संदीप सावंत ह्यांनीं त्यांत कोंकणांतील परशुराम ह्या मुलाची व त्याच्या आजोबांची कथा सांगितली. डोळ्यांच्या कर्करोगामुळें मुलाची दृष्टि जाणार हें ठरलेलें. शस्त्रक्रियेपूर्वीं त्याला जग डोळे भरून दाखवावें एवढीच म्हाताऱ्याची धडपड. अरुण नलावडे ह्यांनीं उभा केलेला तो आजोबा मराठी पडद्यावरील मोजक्या खऱ्या माणसांपैकी एक आहे. अखेरीस काळा चष्मा लावलेला परशुराम होडींतून गांवीं परततो, आणि किनारा जवळ येतां येतां कथा थांबते. ह्या शेवटास आम्ही नांवें ठेवीत नाहीं. परंतु त्या किनाऱ्यावर ब्रेल शिकविणारें कोणी आहे काय, दहा वर्षांनीं आजोबा नसतील तेव्हां ह्या तरुणाला तालुक्याच्या गांवीं कोण नेईल, हें विचारणारी दुसरी कथा मराठींत यावयास हवी होती. ती आल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

हा दोष केवळ आमचा आहे असें नव्हे. हेलन केलर हिचें नांव घेतल्याबरोबर जगभर एकच चित्र डोळ्यांपुढें येतें: १८८७ सालच्या एप्रिल महिन्यांत, अमेरिकेंतील अलाबामा प्रांतांतल्या घराच्या अंगणांत, पंपाच्या धारेखालीं हात धरलेली सहा वर्षांची आंधळी-बहिरी मुलगी, आणि तिच्या दुसऱ्या तळहातावर ‘पाणी’ हा शब्द बोटांनीं लिहिणारी तिची शिक्षिका ॲन सलिव्हन. विल्यम गिब्सन ह्यांचें ‘द मिरॅकल वर्कर’ हें १९५९ सालचें नाटक ह्याच क्षणापाशीं शिखर गांठतें. आपल्याकडील ‘ब्लॅक’ (२००५) ह्या चित्रपटानेंहि हाच क्षण उचलला. त्यानें नायिकेला पदवीपर्यंत नेलें एवढें त्याचें श्रेय. हेलननें आपलें पहिलें आत्मचरित्र १९०३ सालीं, कॉलेजांत असतांनाच प्रसिद्ध केलें, आणि जग तेंच वाचीत राहिलें. १९२९ सालीं तिनें ‘मिडस्ट्रीम’ ह्या नांवानें पुढच्या आयुष्याची हकीकत लिहिली, ती मात्र फारशी कोणी वाचीत नाहीं. पदवी हातीं आल्यावर पोट कसें भरावें हा प्रश्न तिच्याहि पुढें उभा होता. व्याख्यानें देत तिला गांवोगांव हिंडावें लागलें. १९२० नंतर कांहीं वर्षें करमणुकीच्या फुटकळ खेळांच्या रंगमंचावरहि ती उभी राहिली. १९१६ सालीं एका तरुणाशीं विवाह करण्याचा तिचा बेत घरच्या माणसांनीं मोडून काढला, तेव्हां तिचें वय छत्तीस वर्षांचें होतें. पंपाजवळची मुलगी सर्वांना तोंडपाठ आहे. छत्तीस वर्षांच्या विदुषीला स्वतःचें लग्न ठरविण्याची मोकळीक नव्हती, हें कितीकांस ठाऊक आहे?

आपल्याकडे ह्या विषयावर सर्वांत परिपक्व बुद्धीनें केलेली कृति म्हणून आम्ही सई परांजपे ह्यांच्या ‘स्पर्श’ (१९८०) ह्या चित्रपटाचें नांव घेऊं. अंधशाळेचा अंध प्राचार्य अनिरुद्ध परमार ही भूमिका नसीरुद्दीन शाह ह्यांनीं केली, आणि त्या शाळेंत मुलांना मदत करावयास येणाऱ्या कवितेची भूमिका शबाना आझमी ह्यांनीं. अनिरुद्धाला कींव सहन होत नाहीं. एखाद्या सामान्य लेखकानें त्याचा हा ताठा हाच त्याचा मोठेपणा म्हणून मिरविला असता. परांजपे ह्यांनीं त्या ताठ्याच्या मुळाशीं हात घातला. मदत नाकारण्याच्या हट्टांत आपण कोणावर तरी विसंबून राहूं ही भीति कशी दडलेली असते, आणि त्या भीतीपायीं हातीं आलेलें प्रेम माणूस कसें दूर लोटतो, हें त्यांनीं दाखविलें. प्रौढ होणें म्हणजे कोणाचीहि गरज न उरणें असा एक समज आपल्यांत आहे. खरें पाहतां डोळस माणूसहि स्वयंपाकापासून प्रवासापर्यंत दहा जणांवर विसंबून असतो. कोणाची मदत, केव्हां आणि कोणत्या शब्दांत घ्यावी हें त्याला कळूं लागतें तेव्हां तो प्रौढ होतो. ‘स्पर्श’मध्यें हें ज्ञान आहे. आमची तक्रार एवढीच कीं, अनिरुद्ध आम्हांस भेटतो तो पुरा घडलेला. त्याची पहिली नोकरी, पहिली फजिती, पहिला पगार हें सारें कथा सुरू होण्यापूर्वींच आटोपलें आहे.

कोऱ्या पानाच्या अगदीं जवळ जाणारें नाटक म्हणजे जयवंत दळवी ह्यांचें ‘नातीगोती’. मध्यमवर्गीय आईबाप आणि वयांत येत चाललेला त्यांचा मतिमंद मुलगा बच्चू, एवढाच त्याचा संसार. रंगभूमीवर दिलीप प्रभावळकर ह्यांनीं बाप केला आणि अतुल परचुरे ह्यांनीं बच्चू. दळवींची लेखणी येथें विलक्षण धीट झाली आहे. अशा घरांतला थकवा, चीड, एकमेकांना दोष देण्याची पाळी, आणि ‘आपल्या मागें ह्याचें कोण’ ही रात्रंदिवस पोखरणारी चिंता, ह्यांतलें कांहीं त्यांनीं झांकून ठेवलें नाहीं. ज्या घरांत हें दुःख आहे त्या घरांतील माणसांना हें नाटक पाहून आपलें कोणी बोललें असें वाटलें असेल. तरीहि आमच्या मतें नाटकाचा प्रश्न हा आईबापांचा प्रश्न राहतो. बच्चूचें काय होणार, हें नाटक विचारतें. बच्चूला काय हवें, हें विचारण्यास त्याला उसंत मिळत नाहीं. तो ओझें म्हणून खरा आहे, माणूस म्हणून अर्धा.

प्रभावळकरांनींच पुढें ‘चौकट राजा’ (१९९१) ह्या संजय सूरकर ह्यांच्या चित्रपटांत दुसरी बाजू रंगविली. बालपणींच्या अपघातानें बुद्धीची वाढ खुंटलेला नंदू हा वयानें पुरुष आणि मनानें मूल. ‘वेडा’ म्हणून ज्याला पोरें खडे मारीत, त्याच्याविषयीं माया वाटावयास मराठी प्रेक्षक ह्या नंदूमुळें शिकला, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु ह्या मायेंतहि एक फसगत आहे. नंदू आवडतो तो निरागस म्हणून, म्हणजे मुलासारखा म्हणून. मुलासारखा असला तरच त्याच्यावर प्रेम करावयाचें, असा हा नकळत झालेला करार. अशाच करारानें आमच्या घरांत तीस वर्षांच्या माणसाला ‘बाळ’ म्हणतात, त्याचे कपडे आई निवडते, पाहुणे त्याच्या देखत त्याच्याविषयीं तृतीय पुरुषीं बोलतात, आणि तो रागावला कीं ‘आज बिघडला आहे’ असें म्हणतात. प्रौढाचा राग त्याला माफ नाहीं. प्रौढाची लाज आणि प्रौढाचें प्रेम तर दूरच राहिलें.

कल्पित कथा जेथें थांबतात तेथें आत्मचरित्रें कामास येतात. नसीमा हुरजूक ह्यांचें ‘चाकाची खुर्ची’ आम्हीं ह्या दृष्टीनें पुन्हां वाचलें. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालीं लुळेपणा आलेली ही कोल्हापूरची मुलगी निराशेच्या तळाशीं गेली. तेथून तिला वर काढणारा प्रसंग कोणता, तर स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरणारे बाबूकाका दिवाण ह्यांची भेट. ह्या गोष्टीचें मर्म आमच्या लेखकांनीं ओळखावें असें आहे. धडधाकट शिक्षकानें अपंग मुलाला हात देऊन उभें केलें, अशा कथा आपल्याकडे पुष्कळ. पण अपंग तरुणाला जें प्रथम पाहावयास हवें असतें, तें आपल्यासारख्याच शरीरानें मोठें झालेलें, कामधंदा करणारें, हंसणारें माणूस. तें त्याला घरांत दिसत नाहीं, शाळेंत दिसत नाहीं, पडद्यावर तर नाहींच. नसीमाताई पुढें सरकारी नोकरींत शिरल्या, आणि १९८४ सालीं कोल्हापुरांत ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था निघाली. एका भेटीचें ऋण असें शेंकडो भेटींनीं फिटलें. त्यांच्या पुस्तकाची भाषा साधी आहे; जिने, दारांच्या रुंद्या, शौचगृहें, प्रवासाच्या अडचणी ह्यांचा हिशेब त्यांत वरचेवर येतो. कोणाला तो रुक्ष वाटेल. आम्हांस तो ह्या विषयाचा खरा तपशील वाटतो. कारण अपंग तरुणाचें भवितव्य पुष्कळदां तीन पायऱ्यांवर अडलेलें असतें.

मुंबईच्या मालिनी चिब ह्यांचें ‘वन लिटल् फिंगर’ हें इंग्रजी आत्मचरित्र ह्याच जातीचें. मेंदूच्या पक्षाघातामुळें, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळें, त्यांचें बोलणें इतरांस कष्टानें कळतें, आणि पुस्तक त्यांनीं एका करंगळीनें टंकून काढलें. त्यांच्या आई मिठू अलूर ह्यांनीं मुंबईंत अशा मुलांसाठीं शाळा काढली. मालिनी सेंट झेवियर्स कॉलेजांत शिकल्या, लंडनला गेल्या, आणि परत आल्यावर मुंबईंतील एका पुस्तकांच्या दुकानांत नोकरीला लागल्या. विजेवर चालणाऱ्या खुर्चींतून परक्या शहरांत कोणालाहि न सांगतां एकटीनें बाहेर पडण्याचा जो आनंद त्यांना तेथें मिळाला, तो धडधाकट माणसाच्या ध्यानांतहि येत नाहीं. त्यांच्या आप्त शोनाली बोस ह्यांनीं त्यांच्यापासून स्फूर्ति घेऊन ‘मार्गारिटा विथ अ स्ट्रॉ’ (२०१४) हा चित्रपट काढला. त्यांतील लैला ही कॉलेजांत शिकणारी मुलगी. तिला विनोद कळतो, देहाची ओढ कळते, आईपासून कांहीं लपवावेंसेंहि वाटतें. तिच्या गाण्याला स्पर्धेंत पहिलें बक्षीस मिळतें, आणि परीक्षक बाई व्यासपीठावरून सांगतात कीं, गीत एका अपंग मुलीनें लिहिलें म्हणून आम्हीं हें बक्षीस दिलें. लैलेचा संताप त्या क्षणीं असभ्य खुणेनें बाहेर पडतो. सभ्य वाचकांना तो रुचणार नाहीं. परंतु दयेच्या बक्षिसाला ह्याहून सरळ उत्तर आम्हीं पाहिलेलें नाहीं. कोऱ्या पानावर उमटलेली ही पहिली ठळक ओळ. एवढें मात्र सांगितलें पाहिजे कीं, लैला आणि मालिनी ह्या दोघींच्या मागें सुशिक्षित घर होतें आणि विलायतेचा रस्ता मोकळा होता. डोंबिवलीच्या चाळींतल्या किंवा बीडच्या वाडींतल्या मुलीची कथा ह्यांतून निघत नाहीं.

अगदीं अलीकडचा, २०२५ सालचा, ‘सितारे ज़मीन पर’ हा एका स्पॅनिश चित्रपटावर बेतलेला आहे. त्यांत बौद्धिक अपंगत्व असलेले दहा प्रौढ खेळाडू तशाच व्यक्तींनीं उभे केले आहेत. हा मोठा पालट आहे. धडधाकट नटानें मान वांकडी करून टाळ्या घ्याव्या ह्या प्रथेला त्यामुळें धक्का बसला. तरी कथेचा कणा पाहिला तर सुधारतो तो शिक्षक. खेळाडू हे त्याच्या सुधारणेचें साधन. येथेंहि आपण आपल्याच चांगुलपणाची गोष्ट ऐकून परत येतों.

असें कां व्हावें? आमच्या मतें ह्याचें कारण प्रेक्षकाच्या समाधानांत आहे. अपंगाच्या कथेपासून आपण दोनच गोष्टी मागतों: एक करुणा, दुसरी विजय. दोन्हींचा गुण असा कीं, त्यांच्यानंतर आपणांस कांहीं करावें लागत नाहीं. रडून झालें कीं मन हलकें होतें. विजय पाहिला कीं मन निश्चिंत होतें. सोळा ते पंचवीस ह्या वयाची हकीकत ह्या दोहोंतहि बसत नाहीं. बसचा नंबर ओळखून बरोबर थांब्यावर उतरावयास शिकण्यांत कित्येक महिने जातात. पहिल्या कामावरून तरुण आठ दिवसांत परत येतो. दुसऱ्या ठिकाणीं मालक भला असतो, पण सोबतचे कामकरी थट्टा करतात. ही कथा हळू चालते, मध्येंच मागें येते, आणि तिचा शेवट ‘सध्यां ठीक चाललें आहे’ एवढाच असतो. शिवाय ती पाहणाऱ्याला विचारते: तुमच्या दुकानांत, कचेरींत, सोसायटींत एक जागा आहे काय?

ज्यांस वाङ्मयाहून वस्तुस्थितीवर अधिक भिस्त ठेवावयाची आहे, त्यांनीं कायदा पाहावा. १९९५ च्या कायद्यानें अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. उच्च शिक्षणांत ५ टक्के व सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखून ठेवावयाच्या आहेत. म्हणजे अठराव्या वर्षीं शाळेचा हक्क संपतो आणि त्याच दिवशीं कायदा त्या मुलाला सज्ञान समजूं लागतो. बौद्धिक अपंगत्व असेल तर त्याच्या वतीनें सही करण्यासाठीं आईबापांनाहि १९९९ च्या राष्ट्रीय न्यासाच्या कायद्याखालीं जिल्ह्याच्या समितीकडून पालक म्हणून नेमून घ्यावें लागतें. एका दिवशीं इतकें बदलतें, पण त्या दिवसाची तयारी कोणीं व केव्हां करावयाची हें कोणाकडेच स्पष्ट सोंपविलेलें नाहीं. अमेरिकेंत १९९० पासून शाळेवर असें बंधन आहे कीं, विद्यार्थी सोळा वर्षांचा होईपर्यंत त्याच्या पुढील शिक्षणाची, कामाची व राहण्याची योजना लेखी तयार असावी, आणि त्या बैठकीस खुद्द त्या विद्यार्थ्याला बोलवावें. आमच्या २०११ च्या जनगणनेंत २ कोटी ६८ लक्ष अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी काम करणारे शेंकडा सुमारे ३६, आणि स्त्रियांत तर शेंकडा २३ च. मध्यंतरीं सरकारनें ‘अपंग’ ह्याऐवजीं ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला. शब्दानें मान मिळत असेल तर आमची ना नाहीं. पण ‘दिव्यांग’ म्हणून शाल दिलेल्या मुलालाहि सोमवारीं जावयास जागा लागतेच.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. वाङ्मय म्हणजे पुनर्वसन खात्याचें पत्रक नव्हे. नोकऱ्या मिळवून देणें हें नाटककाराचें काम नव्हे. हें आम्हांस मान्य आहे. उपदेश करण्यासाठीं लिहिलेलीं नाटकें आम्हीं पुष्कळ सोसलीं आहेत. परंतु आमची मागणी उपदेशाची नाहीं, पाहण्याची आहे. विधवेचें दुःख, कुळाचें दारिद्र्य, नोकरी करणाऱ्या स्त्रीची ओढाताण हें सारें मराठी वाङ्मयांत आलें तें कोणा खात्याच्या हुकुमानें आलें नाहीं. लेखकांनीं तीं माणसें पाहिलीं, तीं त्यांना नुसत्या दयेहून अधिक कांहीं वाटलीं, म्हणून तीं आलीं. आणि एकदां पानावर आल्यावर घरांतल्या माणसांनाहि तीं निराळीं दिसूं लागलीं. जें आयुष्य कोणी कल्पनेनेंहि पाहिलेलें नाहीं, तें आपल्या मुलासाठीं मागावें हें आईबापांना सुचणार कसें?

सामग्रीची वाण नाहीं. पुण्याची ‘कामायनी’ १९६४ पासून मतिमंद मुलांसाठीं चालली आहे, आणि शाळेच्या पुढचा विचारहि तिनें केला आहे. बाबा आमटे ह्यांच्या आनंदवनांत ‘संधिनिकेतन’ ह्या नांवाचें केंद्र अपंग तरुणांना हातांत धंदा देतें. नुसत्या नांवांतच एका कादंबरीचें बीज आहे. नसीमाताईंच्या संस्थेनें सिंधुदुर्गांत काजूचा उद्योग उभा केला. अशा ठिकाणीं स्पर्धा असते, रुसवे असतात, पगाराच्या दिवसाची वाट पाहणें असतें, एखाद्याचें एखादीवर मन बसतें आणि दोन्ही घरें हादरतात. काम जमत नाहीं म्हणून परत गेलेलेहि असतात, आणि काम करण्याची शक्तीच नसलेले, ज्यांचें प्रौढपण पगारानें मोजतां येणार नाहीं असेहि असतात. त्यांच्या दिवसाला अर्थ कशानें येतो, हा तर कोणत्याहि मोठ्या लेखकाला पुरून उरेल असा प्रश्न आहे.

शेवटीं आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देणें प्राप्त आहे. त्या संमेलनानंतर पंधरा दिवसांनीं आम्ही स्नेह्यांच्या घरीं गेलों. चहा झाला. मुलगा समोरच बसला होता. आम्हीं त्याच्या वडिलांना विचारलें, “मग पुढं ह्याचं काय करायचं ठरवलंत?” वडील उत्तर देणार इतक्यांत मुलगा म्हणाला, “काका, मला विचारा ना.” आम्ही ओशाळलों, आणि त्याला विचारलें. तो विचार करूं लागला. मिनिटभर गेलें असेल, कदाचित् दोनहि. वडिलांनीं तोंड उघडलें, पण आईनें त्यांना हातानें थांबविलें. मग तो म्हणाला, “जिथं दुपारी सगळे मिळून डबा खातात, तिथं जायचं.”

‘स्वावलंबन’, ‘पुनर्वसन’ असे जे मोठे शब्द आम्ही ह्या लेखांत योजणार होतों, ते त्या उत्तरापुढें आम्हीं बाजूस ठेविले. काम, सोबत आणि त्या सोबतींत आपलें पान, एवढेंच कोणीहि प्रौढ माणूस मागतो. ती जागा अद्याप मिळालेली नाहीं. दोन ठिकाणीं चौकशी चालूं आहे. आमच्या लेखकांना विनंति एवढीच कीं, त्यांनीं आपली पुढली कथा शाळेच्या दारापाशीं संपवूं नये, तेथून सुरू करावी. आणि त्या कथेंतील मुलाला उत्तर द्यावयास मिनिटभर लागलें, तर त्याच्या वतीनें दुसऱ्या कोणाला बोलूं देऊं नये.